बिनतारी बाबा आन् मेमरी खाणारं भूत

सरका जरा, पाय मोकळं सोडून बसा. चहा यायला येळ हाय, तवर एक गोष्ट सांगतो. ऐकताना तुमाला हसू येईल. मला मातूर अजून बी सांगताना तोंडात कडू पाणी सुटतं.

आमच्या अंथुर्ण्यात शेतकऱ्यांच्या गटाचं हापिस हाय. त्या सकाळी हापिसाच्या अंगणात पाय ठिवायला जागा नव्हती. भेंडीचं, शिमला मिरचीचं, पेरूचं क्रेट एकावर एक रचल्यालं, आन् त्यांच्या मधनं माणसं टाचा उचलून भिंतीवरच्या टीव्हीकडं बघत व्हती. टीव्हीवर एक उभी पट्टी. लालभडक. शेंड्यापातूर भरल्याली.

पट्टीखाली पाटावर बिनतारी बाबा. कपाळाला अष्टगंध, अंगावर रेशमी कफनी, गळ्यात रुद्राक्षाची माळ, आन् त्या माळेत मधोमध ववल्याला पेन ड्राईव्ह.

"भक्तांनो!" बाबा डोळं मिटून गरजला. "हे यंत्र नव्हे, हे चैतन्य आहे! याच्या मेमरीवर स्मृतिभक्षक बसला आहे! बाकीच्यांना वायर लागते, आम्हाला लागत नाही. आम्ही ब्रह्मांडाच्या क्लाउडला डायरेक्ट जोडलेले आहोत! ह्रीं रिफ्रेश, फट्! क्लीं रिस्टोअर, फट्!"

बाबाचा चेला समर्थ भगवं कापड आन् लिंबू घेऊन मागच्या खोलीत शिरला आन् दार लावून घेतलं. आतनं घंटा वाजली. धुपाचा लोट फटीतनं भाईर आला. टीव्ही काळा ठिक्कर पडला. बाया-बापड्यांनी हात जोडलं. जरा येळानं टीव्ही उजळला, आन् ती पट्टी पार तळाला! हिरवीगार, बोटभर.

"बिनतारी बाबा की जय!" पत्रं हादरलं.

आता ही भानगड काय ते सांगतो. आमच्याकडं सकाळी भाजीचा तोडा झाला की ज्यानं त्यानं मोबाईलवर आपला माल टाकायचा. एवढी भेंडी, अशी प्रत, हा फोटू. पुण्या-मुंबईचं व्यापारी तितनंच बोली लावत्यात. बोली मिटली की भिगवणच्या इकबालभाईंचा टेम्पो माल उचलतो. हे समदं चालवणारा कंप्युटर, म्हंजी सर्व्हर, हापिसाच्या मागच्या खोलीत. त्याची मेमरी किती भरली ते टीव्हीवरची पट्टी दावती. कुणाच्या डोक्यावर दडपण आलं की माणूस जसा गप व्हतो, तसा तो सर्व्हर ऐन बोलीच्या टायमाला गप व्हायला लागला. बोली अडली की माल उन्हात. भेंडी काय कुणाची वाट बघती का?

त्या गर्दीत ठमाबाई आपलं क्रेट टेकवून उभी व्हती. तिनं बी हात जोडलं व्हतं, खोटं कशाला बोलू. पण नवरा असताना तिनं पिठाची गिरणी चालवल्याली, त्यामुळं तिचं कान मोटारीकडं आधी जायाचं. मागच्या खोलीतल्या त्या पेटीचा पंखा दिसरात घूं घूं करतो. टीव्ही काळा पडला तवाच तो आवाज मेला, आन् टीव्ही उजळायच्या जरा आधी परत सुरू झाला.

"भूत गेलं का वीज गेली?" ती शेजारणीला म्हणली.

"गप गं, पाप लागंल."

तो सर्व्हर बघायचं काम ठमाबाईच्या सुनंकडं, प्रगतीकडं. प्रगती पिंपळी गावची लेक. ठमाबाईचा एकुलता एक लेक संदेश हायवेला गाडीखाली सापडला, तवा पोरगी घरात बसून भिंती बघायला लागली. ठमाबाईनंच तिला उठवलं, बारामतीला कंप्युटरच्या कोर्सला घातलं. पुढं गटात ती नोकरीला लागली. हापिसातल्या त्या खुर्चीवर बसली की पोरीच्या तोंडावर परत रंग यायचा, आन् तेवढं बघून ठमाबाईला दोन घास जास्त जायचं.

बाबा यायच्या आधी सर्व्हर अडला की प्रगती तो बंद करून चालू करायची. लगीच चालायचा. पण तेवढा येळ बोली थांबली की समदं तिच्यावर धावायचं. "ए बाई, बंद कशाला केला? यंत्राची वाट लावलीस!" तीच गोष्ट बाबानं दार लावून केली तर चमत्कार! तुमीच सांगा, ह्याला काय म्हणायचं?

बरं, भूत गेलं का? आठवडा उलटला न्हाय तर पट्टी परत लाल. बाबा परत. घंटा परत. महिनाभर हाच खेळ. शेवटी लोकांत कुजबुज सुरू झाली, की भूत उतरतं तर टिकत का न्हाय? बाबा घाबरला असंल, पण तोंडाचा पट्टा पक्का. त्यानं एक दिवस भर अंगणात डोळं फिरवलं आन् बोट उचललं.

"दोष यंत्रात नाही! दोष यंत्रावरच्या हातात आहे! ज्या हातातल्या बांगड्या फुटल्या, त्या हाताची सावली चैतन्यावर पडते आहे! पांढऱ्या पायाची बाई मेमरीपाशी बसवली, अन् वर विचारता भूत का येतं?"

अंगणातल्या समद्या माना प्रगतीकडं वळल्या.

"उपाय आहे. गुरुवारी सर्वांसमक्ष तिने आमच्या पायाचं तीर्थ घ्यावं, अन् खुर्ची सोडावी. तिथे आमचा समर्थ बसेल."

समर्थ खाली बघून हसला. त्या खुर्चीवर बसलं की कुठल्या व्यापाऱ्यानं काय बोली लावली ते समद्यांच्या आधी दिसतं. पण एवढा इचार कुणी केला न्हाय. गटाचा चेअरमन सर्जेराव, आधी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, कान खाजवत म्हणला, "ठमाकाकू, वाईट वाटून घिऊ नका. एका दिवसाचा प्रश्न हाय. गावाचा माल नासतोय."

"सर्जेराव," ठमाबाई म्हणली, "तुमच्या टोळीत कोयता बोथट झाला, की तुमी त्याला धार लावत व्हता, का शेजारच्या बाईला पाय धुतल्यालं पाणी पाजत व्हता?"

"काकू, हे येगळं हाय."

"व्हय, येगळंच हाय. कोयत्याला बाबा लागत नव्हता."

आन् ती सुनंचा हात धरून चालती झाली. तिच्या डोळ्याम्होरनं मातूर ते तीर्थाचं ताट हलंना. परक्या बाप्याच्या पायाचं पाणी, आन् पोरीचं तोंड.

दुपारी गोठ्याम्होरं दोघी भेंडी निवडत बसल्या. प्रगती रडत नव्हती. मोडकी भेंडी जोरात फेकत व्हती.

"आत्या, मी पिंपळीला माहेरी जाते. ते पाणी मी पिणार न्हाय. आन् न पिता हितं ऱ्हायले तर लोकं तुमाला जगू देणार न्हायत."

ठमाबाईच्या मनात आलं, ही गेली की घरात दुसरा आवाज म्हंजी म्हशीचा.

"जायाचं मागनं बघू. मला आधी सांग, ती मेमरी खातं कोण?"

"कुणी खात न्हाय, आत्या. भरती. सर्व्हरमधी एक मुख्य प्रोग्राम असतो, त्याला मुकादम म्हणा. कुणी माल टाकला, कुणी बोली लावली, की तो एकेक गडी कामाला लावतो. गडी म्हंजी त्याचीच नक्कल. पण आपला मुकादम सुरुवातीला रिकाम्या हाताचा. मंग काय व्हतं, हरेक गडी जातो आन् कामाला लागणारा समदा कोड, म्हंजी काम कसं करायचं त्याच्या लिहिल्याल्या ओळी, बोलीचा, बिलाचा, फोटूचा, मेसेजचा, आपल्यापुरता येगळा उचलून आणतो. अक्षर न अक्षर तोच कोड, पण जेवढं गडी तेवढ्या येळा मेमरीत."

"आन् गडी किती?"

"पयलं मोजकं व्हतं. साईट हळू झाली तवा आपलं सर्जेराव तात्या म्हणलं, टोळी वाढव. माणसं वाढली की ऊस लौकर तुटतो, त्यांचा हिशोब. मी वाढवली. मेमरी अजून भरली. जागा संपली की सर्व्हर सामान डिस्कवर टाकतो, परत आणतो, परत टाकतो. काम ऱ्हातं बाजूला."

ठमाबाईनं भेंडी खाली ठिवली. "म्हंजी लग्नाच्या पंगतीत हरेक वाढप्यानं आपापली चूल आन् आमटीचं पातेलं मांडवातच आणून मांडलं, असं? मंग जेवणारं बसायचं कुठं?"

"व्हय आत्या. अगदी तसं."

"आन् हा बाबा काय करतो?"

"समद्यांला मांडवाभाईर काढतो, चुली बी भाईर. मांडव मोकळा दिसणारच की. पंगत परत बसली, की वाढपी परत आपापली चूल घिऊन हजर. एकदम न्हाय येत. जसं जसं काम येईल तसं एकेक. म्हणून आठवडा जातो."

"मंग मांडवामागं एकच मोठी चूल पेटवावी."

"पंगत बसायच्या आधी!" प्रगतीचं डोळं चमकलं. "त्योच इलाज हाय. मुकादमानं समदा कोड आधी स्वतः उचलायचा, मंग गडी काढायचं. मंग समदं त्याच एका पातेल्यातनं वाढत्यात. कुणाला आपलं काय लिहायचं असंल तर तेवढ्यापुरतीच त्याला येगळी जागा. ज्याचं त्याचं वाढायचं वगराळं, बास. मी घरच्या लॅपटॉपवर करून बघितलंय. चार ओळींचं काम हाय. पण तात्यांनी सर्व्हरचा पासवर्ड बदललाय. बाबांनी सांगितलंय, हिचा हात लागायला नगं."

ठमाबाई म्हशीकडं बघत पदर खोचून उठली. "गुरुवारी जायाचं. पिंपळीला न्हाय, हापिसात."

गुरुवारी अंगणात मांडव. सर्जेरावानं महाप्रसाद ठिवल्याला. मांडवामागं चुलाणावर आमटीचं भलंमोठं पातेलं, म्होरं पाटावर बाबा, पाय पितळी ताटात. सर्जेराव स्वतःच्या हातानं पाय धूत व्हता. त्या ताटातलं पाणी, राम राम, गढूळ. वर हळदीचा तवंग, त्यात एक केस, आन् बाबाच्या टाचंच्या भेगांतली माती तळाला. लोकं त्याला नमस्कार करत व्हती. टीव्हीवर पट्टी लाल, बोली अडल्याली, क्रेट उन्हात.

"आणा तिला," बाबा म्हणला.

ठमाबाई म्होरं झाली. "तीर्थ मी पिते. तिच्या वाटणीचं बी आन् माझं बी. पण बाबा, आधी भूत उतरवा. दार उघडं ठिऊन. आन् बटनापाशी आमचा इकबालभाई उभा ऱ्हाईल. बटनाला न् वायरीला कुणी हात लावायचा न्हाय."

समर्थाचं तोंड उतरलं. बाबा ठसक्यात म्हणला, "उजेडात भूत लाजतं!"

"लाजू द्या बाबा," इकबालभाई बटनापाशी जाऊन उभा ऱ्हायला. "आमी समदी डोळं मिटतो. माझा हात तेवढा बटनावर ठिवतो."

लोकं खुदकन हसली.

"वायरीला हात लागल्याशिवाय यंत्र समाधीत कसं..." समर्थ बोलून बसला आन् जीभ चावली.

"का बरं?" ठमाबाई म्हणली. "बाबा बिनतारी हायत न्हवं? त्यांना वायर कशाला लागती?"

आता मांडव पोट धरून हसाया लागला. बाबाला मंतर सुरू करावाच लागला. ह्रीं झालं, क्लीं झालं, फट् झालं. घंटा झाली, धूप झाला. पंखा घूं घूं करत ऱ्हायला. पट्टी तसूभर खाली आली न्हाय. बाबाच्या कपाळावरचं अष्टगंध घामानं नाकावर आलं.

"तुमच्या अविश्वासानं लहरी तुटतात!" तो ओरडला.

"तुटू द्या. आता माझा मंतर," ठमाबाई म्हणली.

"आत्या, वायर उपटायची न्हाय हां," प्रगती म्हणली. "असं करून हे एक दिवस डिस्क घालवतील. रीतसर बंद करून चालू करायचं. तात्या, पासवर्ड टाका."

सर्जेरावानं गर्दीकडं बघितलं, बाबाकडं बघितलं, आन् मुकाट्यानं पासवर्ड टाकला. ठमाबाई त्या पेटीम्होरं कंबरंवर हात ठिऊन उभी ऱ्हायली.

"सरक मेले! शेणात बसतीस, दावं तोडतीस, धार काढायच्या वक्ताला लाथा झाडतीस! सरक म्हणते न्हवं!"

तवर प्रगतीनं सर्व्हर रीतसर बंद केला. टीव्ही काळा झाला. परत उजळला. पट्टी तळाला, हिरवीगार.

मागनं एक जण ओरडला, "ठमाबाई की जय!"

"जय नगं मला!" ती खेकसली. "ह्या शिव्या मी रोज म्हशीला देते. अजून तिची एक खोड मोडली न्हाय. बंद करून चालू केलं, एवढंच झालं. दार लावून हा बी त्येच करत व्हता."

सर्जेराव तरी सरळ माणूस. त्यानं खरा प्रश्न काढला. "काकू, मान्य. पण ते परत येतंय की! बाबानं काढलं काय आन् म्हशीच्या शिव्यांनी काढलं काय, आठवड्यानं पट्टी लाल."

"येणारच तात्या," प्रगती म्हणली. "कारण ते भूत न्हाय. ती आपली चूक हाय. तुमची न् माझी."

आन् ठमाबाईनं त्या मांडवाकडंच बोट केलं. "ते पातेलं कुठं हाय? मागं. एकच. ह्या पोरांच्या हातात काय हाय? बादली न् वगराळं. आता हरेकानं आपली चूल हितं मधी आणून मांडली, तर तुमी कुठं बसणार? सर्व्हरात त्येच चाललंय. वरनं सर्जेराव म्हणत्यात वाढपी वाढवा!" तिनं समदं सांगितलं, जसं सुनंनं सांगितल्यालं तसं. गाव पंगतीला बसल्यालं, त्यामुळं फोड करून सांगावं लागलं न्हाय. सर्जेराव पातेल्याकडं बघत म्हणला, "आयला, म्हंजी मीच चुली वाढवल्या."

तवर प्रगती खुर्चीवर बसली व्हती. चार ओळी लिहिल्या. कोड आधी मुकादमानं उचलायचा, गडी मागनं काढायचं. सर्व्हर चालू केला, आन् बोली सुटली.

समदं टीव्हीकडं. पट्टी वर सरकली. बाबाचं डोळं लकाकलं. अजून सरकली. मंग थांबली. निम्म्याच्या बी खाली. तिकडं व्यापारी तुटून पडल्यालं, गडी समदं कामाला, आन् पट्टी आपली जागा सोडंना. भेंडी गेली, मिरची गेली, पेरू गेलं. इकबालभाईंचा टेम्पो भरायला लागला तरी हिरवी ती हिरवीच.

"उद्या लाल हुईल का गं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"आबा, थोडी वर-खाली हुईल. लई वाढली तर मोजू, कारण हुडकू," प्रगती म्हणली. "पाय न्हाय धुवायचं."

गडबडीत बाबा पाटावरनं उठून चपला शोधत व्हता. ठमाबाईनं ते ताट दोनी हातांनी उचललं आन् त्याच्या म्होरं उभी ऱ्हायली.

"बाबा, माझा शब्द व्हता. भूत उतरवलं असतं तर प्याले असते. आता हे वाया का घालवायचं? तुमच्याच पायाचं हाय, एवढं पवित्र हाय. घोटभर तुमीच घ्या."

बाबानं ताटाकडं बघितलं. तवंग, केस, तळाची माती. त्याचं नाक आक्रसलं, वठ वाकडं झालं, आन् नकळत तोंडावर हात गेला. तो दोन पावलं मागं सरला. जी किळस त्याला स्वतःच्या पाण्याची आली, ती समद्या गावानं बघितली. लेकी-सुनांना पाजायला निघाला व्हता ते पाणी! मंतर उघडा पडल्यावर लोकं हसली व्हती. हे बघून मातूर कुणी हसलं न्हाय. सरळ वाट करून दिली. बाबा न् समर्थ पांढऱ्या गाडीत बसून गेलं.

सर्जेरावानं ताट घेतलं, गटारीत वतलं, आन् हात राखंनं घासून धुतलं. मंग मागच्या खोलीतनं बाबानं टांगल्याली लिंबाची माळ वढून काढली. "प्रगती," खाली बघत म्हणला, "चुकलं माझं. लई चुकलं."

"तात्या, गडी किती ठिवायचं ते हितनं पुढं मी ठरवणार."

"ठरव बाई."

पिंपळीला जायाची पिशवी ठमाबाईनं त्या सांजंला स्वतः सोडली. लुगड्याच्या घड्या परत कपाटात गेल्या.

तर असं. वस्तू अडली की कारण असतंय. कधी लौकर गावतं, कधी डोकं धरून बसावं लागतं. पण जो दार लावून कारण सांगतो आन् भाईर येऊन बाईकडं बोट करतो, त्याला कारण नगं असतंय, त्याला तुमची खुर्ची पायजे असती.

आता ऐकतोय, त्योच बाबा भिगवणच्या बाजूला मासळीच्या फ्रीजरमधलं भूत काढत फिरतोय. तुमी तिकडंच निघालाय न्हवं? मंग माझं एवढं काम करा. गर्दी दिसली तर गाडी थांबवा, दार उघडं ठिवायला लावा, बटनापाशी एक इश्वासाचा माणूस उभा करा. आन् तितं एखादी बाई खाली मान घालून उभी केल्याली दिसली, तर ह्या समद्याच्या आधी तिला बसायला खुर्ची द्या.